चार तासांचं दान

हजारो कोटींची देणगी देणाऱ्या उद्योगपतींचं शहर म्हणून बंगळुरूचं नाव जगभर झालंय. त्याच शहरात सुट्टीच्या दिवशी दुसऱ्याचा पेपर लिहायला जाणारी माणसंही राहतात. कोटींच्या आकड्यांपुढे या चार तासांची किंमत काय?

पेपर तीन तासांचा असतो. घंटा होते, प्रश्नपत्रिका हातात पडते, पण ती वाचतो परीक्षार्थीच्या शेजारी बसलेला माणूस. हळू आवाजात, एकेक प्रश्न, सांगितलं तर दोनदा, तीनदा. मग परीक्षार्थी उत्तर सांगू लागतो आणि शेजारचा ते शब्दाला शब्द उतरवून घेतो. परीक्षार्थीला डोळ्यांनी दिसत नाही, किंवा त्याच्या हाताची बोटं पेन धरू शकत नाहीत. त्याच्यासाठी लिहिणाऱ्याला म्हणतात लेखनिक. इंग्रजीत स्क्राइब.

काम ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात भल्याभल्यांची कसोटी लागते. समोरचा चुकीचं उत्तर सांगत असेल तर ते चुकीचंच लिहायचं. ‘अरे, पानिपतची तिसरी लढाई १७६१ची!’ असं ओठांवर आलेलं गिळून टाकायचं. शुद्धलेखन, परिच्छेद, अधोरेखन, सगळं त्याच्या मर्जीनं. ज्याला बोलताना त्रास होतो, त्याचा शब्द नीट कळेपर्यंत थांबायचं, पण घड्याळावरही लक्ष ठेवायचं. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा परीक्षार्थींना दर तासामागे किमान वीस मिनिटं जादा मिळतात. म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो. लेखनिकाचे चार तास, जाण्यायेण्याचे वेगळे.

आणि तो आलाच नाही तर? एखाद्या मुलीनं वर्षभर ध्वनिमुद्रित पुस्तकं ऐकून अभ्यास केलाय. सकाळी नऊ वाजता ती केंद्राच्या दाराशी उभी आहे. ‘नक्की येतो’ म्हणणाऱ्याचा फोन लागत नाही. दुसरा लेखनिक ऐनवेळी मिळाला नाही, तर आत जाऊन ती करणार काय? इथं वाया जातं ते एखाद्याचं अख्खं वर्ष.

एक पेपर, मग दुसरा, मग हजारावा

बंगळुरूच्या पुष्पा प्रिया या माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातल्या तरुणीनं २००७मध्ये पहिल्यांदा असा पेपर लिहिला. मग दुसरा लिहिला, तिसरा लिहिला आणि हे काम सुटलंच नाही. नोकरी सांभाळून, रजा आणि सुट्ट्या खर्ची घालून त्या वेगवेगळ्या भाषांमधले पेपर लिहीत राहिल्या. कधी शाळेची परीक्षा, कधी पदवीची, कधी सरकारी नोकरीची. २०१९च्या महिलादिनी राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांना नारी शक्ती पुरस्कार मिळाला, तेव्हा हा आकडा शेकड्यांत होता. पुढं तो हजाराच्या वर गेला.

हजाराला चारानं गुणलं तर चार हजार तास होतात. रोज आठ तासांची नोकरी धरली, तर पाचशे दिवसांचं काम. तेही बिनपगारी.

पुष्पा प्रियांसारखं हजाराचं व्रत प्रत्येकाला जमणार नाही. पण बंगळुरूत वर्षाला दोन-चार पेपर लिहून देणारेही आहेत. तिथल्या संगणक कंपन्यांतली मुलं-मुली, बँकेतून निवृत्त झालेले काका, मुलं मोठी झाल्यावर दुपार मोकळी झालेल्या गृहिणी. एच.एस.आर. ले-आउट या वस्तीतल्या ‘मित्र ज्योती’ आणि ‘समर्थनम्’ यांसारख्या संस्थांचं अपंगांसाठीचं काम अशा स्वयंसेवकांच्या आधारानं चालतं. १९९०मध्ये ‘मित्र ज्योती’ सुरू करणाऱ्या मधु सिंघल आणि १९९७मध्ये ‘समर्थनम्’ उभी करणारे महांतेश किवडसण्णवर हे दोघंही स्वतः दृष्टिहीन आहेत. नेमकी कोणती मदत हवी, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही.

टाटांपासून प्रेमजींपर्यंत

पैशाच्या दानाची परंपराही या शहराला जुनीच आहे. बंगळुरूचा रिक्षावाला आजही भारतीय विज्ञान संस्थेला ‘टाटा इन्स्टिट्यूट’ म्हणतो. जमशेटजी टाटांनी या संस्थेसाठी आपली जवळपास निम्मी मालमत्ता देऊ केली. म्हैसूर संस्थानानं ३७१ एकर जमीन दिली. १९०४मध्ये जमशेटजी गेले आणि संस्था स्थापन झाली १९०९मध्ये. देणाऱ्यानं इमारतीची वीटही पाहिली नाही. याच संस्थेला २०२२मध्ये सुश्मिता आणि सुब्रतो बागची व राधा आणि एन. एस. पार्थसारथी या दोन दांपत्यांनी मिळून ४२५ कोटी रुपये दिले. कशासाठी? वैद्यकीय शिक्षण आणि ८०० खाटांच्या रुग्णालयासाठी.

विप्रोच्या अझीम प्रेमजींची गोष्ट तर सर्वज्ञात आहे. बिल गेट्स आणि वॉरन बफे यांनी २०१०मध्ये ‘गिव्हिंग प्लेज’ नावाची चळवळ सुरू केली. जगातल्या अतिश्रीमंतांनी आपली किमान निम्मी संपत्ती लोकांसाठी देण्याचं जाहीर वचन द्यायचं, अशी ती कल्पना. त्यावर सही करणारे पहिले भारतीय म्हणजे प्रेमजी. मार्च २०१९पर्यंत त्यांनी विप्रोतल्या समभागांपैकी ६७ टक्क्यांचं उत्पन्न धर्मादाय कामासाठी कायमचं बांधून दिलं होतं. त्या दिवशीच्या हिशेबानं एकूण देणगी जवळपास १ लाख ४५ हजार कोटी रुपये! त्यातून सरकारी शाळांतल्या शिक्षकांसाठी जिल्ह्याजिल्ह्यांत काम चालतं.

एवढ्या रकमा वाचल्या की सामान्य माणूस पेपर मिटतो. ‘त्यांचं ठीक आहे, आपण काय देणार?’ पण या पैशाचा माग काढत शेवटपर्यंत गेलं, तर काय दिसतं? कोटी रुपये शाळेपर्यंत जातात, वर्गापर्यंत जातात, छापलेल्या पुस्तकापर्यंत जातात. मग त्या पुस्तकातली गोष्ट मुलाला वाचून दाखवायला कुणीतरी त्याच्याजवळ बसावं लागतं.

बेळगावचे वकील, बंगळुरूची नात

हे नातं समजून घ्यायला एका मराठी घराकडे वळू. १९१७ साल. बिहारमधल्या चंपारणात निळीच्या मळेवाल्यांच्या जुलमाविरुद्ध गांधीजींनी लढा उभारला होता. शेतकऱ्यांच्या तक्रारी नोंदवता नोंदवता त्यांच्या लक्षात आलं, की गावात शाळा नाही, औषध नाही, स्वच्छता नाही. पगारी मास्तर त्यांना नको होते. शिक्षकाच्या राहण्या-जेवण्याची सोय गावानं करायची आणि बाकीचं आपण पाहायचं, असं ठरलं. त्यांनी स्वयंसेवकांना हाक दिली.

या हाकेला ओ देणाऱ्यांत मराठी माणसं किती होती पाहा. मुंबईहून अवंतिकाबाई गोखले आल्या, पुण्याहून आनंदीबाई वैशंपायन. भारत सेवक समाजानं डॉ. देव यांना धाडलं. त्यांच्या औषधांच्या पेटीत एरंडेल, क्विनाइन आणि गंधकाचं मलम, एवढंच. आणि बेळगावहून आले वकील सदाशिव लक्ष्मण सोमण, सगळ्यांचे बाबासाहेब. २० नोव्हेंबर १९१७ रोजी भितिहरवा गावात शाळा सुरू झाली, ती सोमण आणि कस्तुरबा यांच्या भरवशावर.

शाळा कसली, बांबू-गवताची झोपडी. एका रात्री ती कुणीतरी पेटवून दिली. मळेवाल्यांच्या माणसांचं हे काम असावं, असा गांधीजींचा संशय होता. सोमणांनी ठरवलं, आता पक्की इमारतच बांधायची. ते स्वतः राबू लागले. त्यांना पाहून आणखी हात पुढे आले आणि विटांचं घर उभं राहिलं. गांधीजींनी आत्मचरित्रात ही हकीकत नोंदवली आहे.

याच बाबासाहेब सोमणांची नात म्हणजे रोहिणी नीलेकणी. मुंबईत वाढलेल्या, पेशानं पत्रकार. लग्नानंतर बंगळुरूकर झाल्या. १९८१मध्ये इन्फोसिस सुरू होताना त्यात त्यांचे दहा हजार रुपये गुंतलेले होते. त्या रकमेचं पुढं काय झालं, हे वेगळं सांगायला नको. त्यातले १०० कोटी रुपये त्यांनी पाण्यासाठी काम करणाऱ्या ‘अर्घ्यम्’ला दिले. २०१७मध्ये नंदन आणि रोहिणी या दांपत्यानंही ‘गिव्हिंग प्लेज’वर सही केली.

आजोबांनी अंगमेहनत दिली, नातीनं पैसा दिला, एवढ्यावर ही गोष्ट संपत नाही. २००४मध्ये रोहिणीताईंनी आणखी दोघांसह बंगळुरूत ‘प्रथम बुक्स’ सुरू केलं. मुलांसाठी भारतीय भाषांत स्वस्त आणि देखणी पुस्तकं काढायची, हा उद्देश. त्यांत मराठी पुस्तकंही आली. २०१५मध्ये ‘प्रथम बुक्स’नं ‘स्टोरीवीव्हर’ हा खुला गोष्टींचा खजिना संगणकावर आणला. कुणीही यावं, गोष्ट वाचावी, आपल्या भाषेत आणावी. गोंडी, कोरकूसारख्या भाषा बोलणाऱ्या मुलांसाठी प्रकाशकाला पुस्तक काढणं परवडत नाही. अशा छोट्या भाषांना ही वाट मोकळी झाली, ती मुख्यतः शिक्षक, पालक आणि स्वयंसेवक यांच्या अनुवादांमुळे.

दरवर्षी सप्टेंबरात, साक्षरता दिनाच्या सुमाराला ‘प्रथम बुक्स’चा ‘एक दिवस, एक गोष्ट’ हा उपक्रम असतो. देशभर हजारो स्वयंसेवक एकच गोष्ट आपापल्या भागातल्या मुलांना वाचून दाखवतात. पुस्तक छापायला पैसा लागला, पण वाचून दाखवणाऱ्यांना मानधन नाही. चंपारणच्या शाळेत जे होतं, तेच इथंही. फक्त एरंडेलाची बाटली नाही.

जग कसं देतं?

कोणत्या देशातली माणसं जास्त उदार, हे मोजण्याचा प्रयत्न ब्रिटनमधल्या ‘चॅरिटीज एड फाउंडेशन’नं २०१०पासून केला. प्रश्न तीनच. गेल्या महिन्यात तुम्ही अनोळखी माणसाला मदत केली का? पैसे दिले का? वेळ दिला का? उत्तरं येऊ लागली आणि श्रीमंत देशांचा नक्षा उतरला. अमेरिकेच्या बरोबरीनं म्यानमार वर दिसू लागला. तिथं बौद्ध भिक्खूंना रोज सकाळी भिक्षा घालणं हा घराघरातला नेम. २०१८पासून पहिला क्रमांक इंडोनेशियानं पटकावला. २०२४च्या अहवालात तिथल्या दर दहा जणांपैकी नऊ जणांनी पैसे दिल्याचं आणि सहाहून अधिक जणांनी वेळ दिल्याचं सांगितलं. ‘गोतोंग रोयोंग’, म्हणजे गावानं मिळून एकमेकांचं काम उरकणं, हा तिथला जुना रिवाज आहे. आपल्याकडच्या ‘सावड’ किंवा ‘इर्जिक’ची आठवण व्हावी असा! २०२५मध्ये त्याच संस्थेनं मोजपट्टी बदलली आणि उत्पन्नाच्या किती टक्के दिलं, असं विचारलं. तेव्हा यादीत सर्वात वर आला नायजेरिया.

ब्रिटनच्या किनाऱ्यावर बुडत्यांना वाचवणारी जीवरक्षक नौकांची संस्था १८२४पासून चालू आहे. नावेवरचे बहुतेक खलाशी स्वयंसेवक. कुणी शिक्षक, कुणी सुतार. यंत्रावर निरोप आला की हातातलं काम टाकून बंदराकडे धावायचं. वादळ वेळ विचारून येत नाही, म्हणून सराव मात्र नेमानं, न चुकता.

जपानात १७ जानेवारी १९९५ रोजी कोबे शहराला भूकंपानं हादरवलं. सहा हजारांवर माणसं गेली. त्यानंतरच्या वर्षभरात दहा लाखांहून अधिक स्वयंसेवक मदतीला आले. जपानी लोक १९९५ला ‘स्वयंसेवेचं पहिलं वर्ष’ म्हणतात. पण त्याच अनुभवातून जपान आणखी एक धडा शिकला. आधी नाव नोंदवा, मग जा. स्वतःचं जेवण, पाणी, अंथरूण बरोबर न्या. मदतीला गेलेल्यांनाच पोसायची वेळ आपद्ग्रस्तांवर यायला नको.

एक बोळा, गालाच्या आतून

वेळेइतकीच पैशानं विकत न मिळणारी आणखी एक गोष्ट बंगळुरूत गोळा होते. रक्ताचा कर्करोग किंवा थॅलेसेमिया झालेल्या काही रुग्णांना निरोगी माणसाच्या रक्तपेशी तयार करणाऱ्या मूळ पेशी, म्हणजेच स्टेम सेल, मिळाल्या तरच जगण्याची आशा असते. त्यासाठी दोघांच्या पेशींवरच्या विशिष्ट खुणा जुळाव्या लागतात. सख्ख्या भावा-बहिणीशी त्या जुळण्याची शक्यता चारात एक. घरात जुळलं नाही, तर अनोळखी दाता शोधायचा.

जर्मनीतल्या ट्युबिंगेन शहरात १९९१मध्ये एका पतीनं आजारी पत्नीसाठी असा शोध सुरू केला. त्यातून ‘डी.के.एम.एस.’ ही संस्था जन्मली. आज तिच्या नोंदवहीत जगभरातले एक कोटीहून अधिक दाते आहेत. तिची भारतातली शाखा बंगळुरूत उभी राहिली, ती १९८४पासून रक्तदानाचं काम करणाऱ्या तिथल्याच एका न्यासाच्या साथीनं.

नोंदणीला सुईदेखील लागत नाही. गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवायचा आणि पाकिटात घालून द्यायचा. जुळणी निघालीच, तर बहुतेक वेळा काही दिवस इंजेक्शनं घ्यावी लागतात. मग रक्तदानासारखं काही तास पडून राहायचं. यंत्र हव्या त्या पेशी काढून घेतं, बाकीचं रक्त परत देतं.

यात आपल्यासाठी कळीचा मुद्दा असा, की पेशींची जुळणी बहुधा आपल्यासारखेच पूर्वज असलेल्या माणसाशी होते. जर्मनीच्या नोंदवहीत जर्मन रुग्णाला दाता सापडणं सोपं. साताऱ्याच्या किंवा निपाणीच्या मुलासाठी दाता शोधायचा, तर नोंदवहीत आपली माणसं हवीत. ती नसतील तर कितीही श्रीमंत बापानं कितीही पैसे टाकले, तरी उपयोग नाही.

सेवेचा उत्साह आणि सेवेचा त्रास

आता थोडं कटू बोलू. सगळीच सेवा उपयोगी पडते असं नाही. वाढदिवसाचा केक घेऊन अनाथाश्रमात जायचं, फोटो काढायचे, मुलांना मांडीवर घ्यायचं आणि पुन्हा तिकडे फिरकायचं नाही. आपल्याला बरं वाटतं. पण दर रविवारी नवे काका-मावशी येतात आणि जातात, त्या मुलांना काय वाटत असेल? कंबोडियात परदेशी पाहुण्यांच्या अशा भेटींमुळे अनाथाश्रमांचा धंदाच झाला. तिथल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचं उघड झालं. शेवटी ‘मुलं म्हणजे प्रेक्षणीय स्थळ नव्हे’ अशी मोहीम काढावी लागली.

दुसरा आक्षेप सरकारबद्दलचा. लेखनिक मिळणं ही परीक्षार्थीवरची मेहेरबानी आहे, की त्याचा हक्क? फेब्रुवारी २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विकास कुमार खटल्यात स्पष्ट केलं, की लिहिण्यात खरी अडचण असेल तर ४० टक्के अपंगत्वाचा दाखला नाही म्हणून लेखनिक नाकारता येणार नाही. म्हणजे हा हक्कच. मग तो पुरवण्याची जबाबदारीही परीक्षा घेणाऱ्यांची. पडदा वाचून दाखवणाऱ्या संगणकावर स्वतः पेपर सोडवणारे दृष्टिहीन विद्यार्थीही आता आहेत. उद्या लेखनिकाची गरजच कमी झाली, तर सर्वांत जास्त आनंद लेखनिकांनाच व्हावा.

पण तो दिवस येईपर्यंत परीक्षा थांबणार नाहीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावी, एप्रिल-मेमध्ये विद्यापीठं, मधूनच बँकांच्या आणि सरकारी नोकऱ्यांच्या परीक्षा. या दिवसांत ओळखीपाळखीतून लेखनिक शोधत फिरणारे आई-बाप पुण्यात आहेत, नाशकात आहेत, कोल्हापुरातही आहेत. त्यांना देणगीचा धनादेश नको असतो. सकाळी साडेनऊला केंद्राच्या दारात, ओळखपत्र खिशात घालून वेळेवर उभा राहिलेला एक माणूस हवा असतो.

द्यायचंय? मग एवढं पाहा

• लेखनिक व्हायचं असेल तर जवळच्या अंधशाळेत, अपंगांसाठी काम करणाऱ्या संस्थेत किंवा महाविद्यालयात नाव नोंदवा. कोणत्या भाषा वाचता-लिहिता येतात, कोणते वार मोकळे आहेत, ते आधीच सांगा.

• अनेक परीक्षांत लेखनिकाचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा कमी असावं लागतं. त्यामुळे शाळा-कॉलेजातल्या मुलांनाही ही संधी आहे. नियम परीक्षेगणिक बदलतात, ते आधी विचारून घ्या.

• परीक्षेआधी परीक्षार्थीला एकदा भेटा. त्याच्या बोलण्याची लय कळते, त्याची धास्ती कमी होते.

• जमणार नसेल तर आठवडाभर आधी ‘नाही’ म्हणा. त्यात वाईट वाटून घेऊ नका. होकार देऊन न जाणं मात्र करू नका.

• पैसे द्यायचे असतील तर संस्थेचे हिशेब आणि वार्षिक अहवाल मागून पाहा. पावती घ्या. प्राप्तिकरातली सवलत दोन हजारांवरच्या रोख देणगीला मिळत नाही, आणि नव्या करपद्धतीत सर्वसाधारण देणगीदारांना ती नाहीच.

• २ ते ८ ऑक्टोबर हा आठवडा देशभर ‘दान उत्सव’ म्हणून साजरा होतो. सुरुवात करायला तो बरा मुहूर्त आहे. पण परीक्षांचं वेळापत्रक मुहूर्त पाहत नाही, हेही लक्षात असू द्या.